एका सहीची किंमत

ऑक्टोबर १९६८. मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमधला महिलांच्या जिम्नॅस्टिक्सचा शेवटचा दिवस. विजेत्यांच्या चौथऱ्यावर सव्वीस वर्षांची एक तरुणी उभी आहे. सोनेरी केस डोक्यावर उंच बांधलेले, गळ्यात सुवर्णपदक. तिच्या शेजारी, त्याच पायरीवर, सोव्हिएत रशियाची मुलगी आहे, कारण फ्लोअर एक्झरसाइजमध्ये दोघींना सुवर्णपदक विभागून दिलेले आहे. साहजिकच दोन देशांची राष्ट्रगीते वाजतात. सोव्हिएत राष्ट्रगीताचे सूर सुरू होतात आणि ही तरुणी आपली मान उजवीकडे वळवते, खाली घालते आणि सूर थांबेपर्यंत तशीच उभी राहते. त्याआधी बॅलन्स बीमच्या पदकदानाच्या वेळीही तिने हेच केले होते. बस, एवढेच. घोषणा नाही, आरडाओरडा नाही.

याच ऑलिंपिकमध्ये काही दिवस आधी टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय धावपटूंनी काळा हातमोजा घातलेल्या मुठी उंचावल्या होत्या. त्या मुठी जगाच्या लक्षात राहिल्या. ही वळलेली मान मात्र आपल्याकडे फारशी कोणाला आठवत नाही. तिचे नाव वेरा चास्लावस्का. देश चेकोस्लोव्हाकिया. तो देशही आता नकाशावर नाही!

जिम्नॅस्टिक्सशी आपली गाठ पडते ती चार वर्षांतून एकदा. घरातली सगळी मंडळी दूरदर्शन संचासमोर बसतात, एखादी चिमुरडी हवेत गिरक्या घेऊन दोन पायांवर उतरली की आजीबाईसुद्धा 'अगंबाई!' म्हणतात आणि मग चार वर्षे आपण तो खेळ विसरून जातो. २०१६ मध्ये रिओला आपली दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली. कांस्यपदक तिच्या हातून अवघ्या ०.१५ गुणाने निसटले, तेव्हा रविवारी रात्री किती घरे जागी होती! दीपाने २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर केली. ती बातमी वाचायला मात्र तेवढी माणसे जागी नव्हती. खेळाडूचे पदक आपल्याला ठाऊक असते. पदकानंतरची चाळीस-पन्नास वर्षे तिने कशी काढली, हे सहसा कोणी विचारत नाही. वेराची गोष्ट सांगावीशी वाटते ती त्या नंतरच्या वर्षांसाठी. आणि ती सगळी वर्षे एका सहीभोवती फिरतात.

सहीचा आणि माझा संबंध जुना आहे. तीसएक वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला सहीची किंमत कळली नाही तर कोणाला कळणार? खाते उघडताना घेतलेली नमुना सही बँकेच्या दप्तरी असते. चेकवरची सही तिच्याशी जुळली नाही, तर खात्यात लाखो रुपये पडून असले तरी चेक परत जातो. पण सहीचा खरा कस लागतो तो जामीनदाराच्या बाबतीत. कर्जप्रकरण होताना शेजारी, मेहुणा, शाळासोबती असा कोणीतरी चहा पीत पीत, हसत हसत जामीनदार म्हणून सही ठोकून देतो. पुढे हप्ते थकतात, नोटीस जाते आणि तोच गृहस्थ शाखेत येऊन हळू आवाजात विचारतो, "साहेब, माझी सही तेवढी काढून टाकता येईल का हो?" हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. त्या माणसांचा मला राग कधीच आला नाही. सही करताना माणूस चार जणांत असतो; ती निस्तरताना एकटा असतो.

वेरा चास्लावस्काने जून १९६८ मध्ये अशीच चार जणांत एक सही केली. पुढे ती निस्तरताना ती एकटी पडली. 'सही मागे घे, सगळे पूर्ववत होईल,' असे तिला सांगण्यात आले. तिने ती मागे घेतली नाही.

तिचा जन्म ३ मे १९४२ चा, प्राग शहरातला. त्या वेळी प्राग हिटलरच्या टाचेखाली होते. म्हणजे जन्मली तीच मुळी परक्या फौजेच्या अंमलाखाली. लहानपणी तिचा ओढा बर्फावरच्या स्केटिंगकडे होता. मग एवा बोसाकोवा या नामवंत जिम्नॅस्टच्या नजरेखाली ती आली आणि स्केट्स सुटले. हीच बोसाकोवा १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बॅलन्स बीमची विजेती ठरली. गुरू चांगला भेटला, एवढेच त्यामागचे कारण नव्हते. ज्या मातीत वेरा वाढली त्या मातीतच हा खेळ मुरलेला होता.

चेक लोकांच्या देशात १८६२ मध्ये मिरोस्लाव टिर्श आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सोकोल' नावाची चळवळ सुरू केली. सोकोल म्हणजे ससाणा. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात आपली भाषा आणि आपला स्वाभिमान टिकवायचा, तर आधी शरीर कणखर हवे, हा त्यामागचा विचार. गावोगाव व्यायामशाळा निघाल्या, हजारो स्त्री-पुरुष एका तालावर कवायत करू लागले. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पारतंत्र्यात आपल्याकडे निघालेल्या तालमी आणि व्यायामशाळा आठवा. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांची मंडळी मल्लखांबासारखे आपले खेळ जगाला दाखवून आली. व्यायामशाळेत नुसते दंड कमावले जात नाहीत, मानही ताठ होते, हे राज्यकर्त्यांना नेमके कळते. म्हणूनच सोकोलवर आधी नाझींनी बंदी घातली आणि १९४८ नंतर कम्युनिस्टांनीही तिचे अस्तित्व पुसले. ती पुन्हा उभी राहिली १९९० मध्ये.

वेराच्या काळातले महिलांचे जिम्नॅस्टिक्स आजच्यापेक्षा वेगळे होते. आज आपल्याला या खेळात कोवळ्या मुली बघायची सवय झाली आहे. १९७२ च्या म्युनिकमध्ये ओल्गा कोर्बुट सतरा वर्षांची होती, १९७६ च्या माँट्रियलमध्ये नादिया कोमानेची अवघी चौदा. त्याआधी मात्र हा पोक्त बायकांचा खेळ होता. १९५६ मध्ये हंगेरीची आग्नेश केलेती पस्तिसाव्या वर्षी सुवर्णपदके मिळवत होती. वेरा त्या जुन्या पिढीची शेवटची सम्राज्ञी म्हणायला हरकत नाही. प्रकार आजचेच चार: घोड्यावरून मारायची उडी म्हणजे व्हॉल्ट, उंचसखल दोन दांड्या म्हणजे बार, पाच मीटर लांब आणि जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद अशी बीम, आणि संगीताच्या साथीने करायची फ्लोअर एक्झरसाइज. चारही प्रकारांतले गुण मिळून सर्वांगीण विजेतेपद ठरते. एकीला उडी साधते, तर बीमवर तिचे पाय लटपटतात. दुसरी बीमवर मांजरीसारखी चालते, पण दांड्यांवर तिचे हात कमी पडतात. वेराला चारही साधत होते.

सोळाव्या वर्षी, १९५८ मध्ये, जागतिक स्पर्धेत संघाचे रौप्यपदक. १९६२ मध्ये तिच्याच प्रागमध्ये जागतिक स्पर्धा झाली, तिथे सर्वांगीण गटात ती दुसरी आली. पहिली होती सोव्हिएत रशियाची लारिसा लातिनिना. १९५६ आणि १९६० या दोन्ही ऑलिंपिकची ही विजेती. तिला हरवणे म्हणजे डोंगर हलवण्यासारखे होते. १९६४ मध्ये टोकियोत वेराने तो डोंगर हलवला. सर्वांगीण सुवर्ण, व्हॉल्टचे सुवर्ण, बीमचे सुवर्ण. जपानी लोकांनी तर तिला डोक्यावरच घेतले आणि ते प्रेम त्यांनी अखेरपर्यंत जपले. २०१० मध्ये जपान सरकारने तिला 'उगवत्या सूर्या'चा किताब दिला. १९६५ आणि १९६७ च्या युरोपियन स्पर्धांत तर कमालच झाली. दोन्ही वेळा पाचच्या पाच सुवर्णपदके तिची. मध्ये १९६६ साली डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत तिच्या चेकोस्लोव्हाक संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला अगदी थोडक्या फरकाने मागे टाकले. छोट्या देशातल्या लोकांना अशा विजयाचे काय वाटते, ते आपण हॉकीवरून आणि क्रिकेटवरून जाणतोच.

मग उजाडले १९६८ साल. जानेवारीत अलेक्झांडर दुब्चेक देशाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले. समाजवाद ठेवायचा, पण त्याला माणसाचा चेहरा द्यायचा, असे ते म्हणत. वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप गेली. वीस वर्षे दबकून बोलणारी माणसे रस्त्यात मोठ्याने बोलू लागली. 'प्रागचा वसंत' म्हणून इतिहासात नोंदले गेलेले हे दिवस. पण पक्षातलेच जुने खोड हा वसंत करपवून टाकील अशी भीतीही होती. २७ जून रोजी एका साहित्यिक साप्ताहिकात आणि काही दैनिकांत एक जाहीरनामा आला. लिहिणारा लुद्विक वात्सुलिक नावाचा कादंबरीकार. नाव साधेच, 'दोन हजार शब्द'. सरकार उलथून टाका असे त्यात म्हटलेले नव्हते. सुधारणांना पाठिंबा द्या, नुसते वरून काय होते याची वाट पाहू नका, आपापल्या गावात आणि कारखान्यात अधिकाराचा गैरवापर करणाऱ्यांना जाब विचारा, एवढेच त्याचे सांगणे. त्याखाली शास्त्रज्ञ, लेखक, कलावंत, कामगार, खेळाडू अशा साठ-सत्तर जणांच्या सह्या होत्या. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकणाऱ्या एमिल झाटोपेकची सही होती. वेरा चास्लावस्काची होती.

मॉस्कोला त्या दोन हजार शब्दांत प्रतिक्रांती दिसली. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रशिया आणि त्याच्या मित्रदेशांच्या फौजा सीमा ओलांडून आत घुसल्या. सकाळी प्रागचे लोक उठले तेव्हा रस्त्यांवर रणगाडे होते.

ऑलिंपिक जेमतेम दोन महिन्यांवर आलेले. वेरा तेव्हा मोराविया भागात सरावासाठी गेलेली होती. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांची धरपकड होईल या धास्तीने तिला येसेनिकीच्या डोंगराळ भागात लपवून ठेवण्यात आले. तिथे कुठली बीम आणि कुठले बार? झाडाच्या फांदीला लोंबकळून ती दांड्यांचा सराव करी, कुरणातल्या गवतावर फ्लोअरच्या गिरक्या घेई. ताकद टिकावी म्हणून बटाट्याची पोती उचली. फावड्याने कोळसा ओढी, कारण हातांवरचे घट्टे गेले असते तर मेक्सिकोत दांडी धरताना कातडी सोलून निघाली असती. मल्लखांबावर वाढलेल्या आपल्या मुलांना हे घट्टे काय असतात ते सांगावे लागत नाही. इकडे तिच्या प्रतिस्पर्धी मेक्सिकोच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आधीच तिथे जाऊन सराव करत होत्या. वेराला देशाबाहेर जायची परवानगी मिळाली ती अगदी अखेरच्या घटकेला.

आणि तरीही मेक्सिकोत काय झाले पाहा. सर्वांगीण सुवर्ण, तेही दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल १.४ गुणांनी पुढे. ज्या खेळात दशांशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरावर पदके ठरतात, तिथे ही आघाडी म्हणजे कोसभर पुढे असण्यासारखी. शिवाय व्हॉल्टचे सुवर्ण, बारचे सुवर्ण. फ्लोअरसाठी तिने 'मेक्सिकन हॅट डान्स'ची धून निवडली होती. पहिल्या सुरालाच सगळे स्टेडियम तिचे झाले. पण बीममध्ये सुवर्णपदक नतालिया कुचिन्स्कायाला गेले आणि वेराला रौप्यावर समाधान मानावे लागले. फ्लोअरमध्ये ती एकटी पहिली ठरत असताना लारिसा पेत्रिकचे प्राथमिक फेरीतले गुण नंतर वाढवण्यात आले आणि सुवर्णपदक विभागले गेले. त्या चौथऱ्यावरची वळलेली मान ही अशी, रणगाड्यांचा आणि गुणांचा दोन्ही हिशेब मनात ठेवून वळलेली होती. त्यात पेत्रिकचा काही दोष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. खेळाडू बिचारे आपापल्या देशाचे ओझे पाठीवर घेऊनच चौथऱ्यावर चढतात.

स्पर्धा संपताच वेराने मेक्सिकोतच लग्न केले. नवरा योसेफ ओडलोझिल, टोकियोत पंधराशे मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलेला धावपटू. लग्नाला न बोलावलेली हजारो माणसे जमली. मनात आणले असते, तर ही दोघे तिकडेच राहू शकली असती. अशी जगप्रसिद्ध जोडी कोणत्या देशाला नको होती? पण ती परतली. मायदेशी आल्यावर वेराने मेक्सिकोची आपली चारही सुवर्णपदके दुब्चेक आणि त्यांच्या तीन सहकारी नेत्यांना देऊन टाकली.

इथे तिची कारकीर्द संपली. वय वर्षे सव्वीस! सव्विसाव्या वर्षी आपल्याकडे माणूस नोकरीत नुकता कुठे कायम होतो. आम्हा बँकेतल्या लोकांची निवृत्ती साठाव्या वर्षी. शाल, श्रीफळ, घड्याळ, चार भाषणे आणि दरमहा खात्यात न चुकता येणारे पेन्शन. जिम्नॅस्टला सव्विसाव्या वर्षी आयुष्य नव्याने सुरू करायचे असते आणि तोवर शिकलेली एकमेव विद्या तिथून पुढे उपयोगाची असते ती फक्त दुसऱ्यांना शिकवण्यासाठी. वेराला तेही करू दिले नाही.

दुब्चेक गेले, नवे सत्ताधारी आले आणि सह्यांची वसुली सुरू झाली. सही मागे घेतल्याचे जाहीर करा, नाहीतर परिणाम भोगा. वेराने नकार दिला. झाले! प्रशिक्षणाचे काम नाही, परदेशी जायचे नाही, सार्वजनिक कार्यक्रमांत दिसायचे नाही. टोकियो आणि मेक्सिकोची राणी काही काळ लोकांच्या घरी साफसफाईची कामे करून दिवस काढत होती. पदरात पुढे दोन मुले. तिने आत्मचरित्र लिहिले, ते देशात छापू दिले नाही. बरीच काटछाट होऊन ते निघाले जपानमध्ये. लिहिणाऱ्या माणसाला ही शिक्षा काय असते ते कळेल. आपली गोष्ट आपल्याच भाषेत आपल्याच माणसांना सांगता येऊ नये!

झाटोपेकची कथा इथे सांगायला हवी, ती तुलना करून त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. त्याला सैन्यातून आणि पक्षातून काढले आणि जमीन खोदणाऱ्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या तुकड्यांबरोबर रानोमाळ हिंडायला लावले. काही वर्षांनी त्याने आपली भूमिका मागे घेतली. पायांनी जग जिंकलेला हा माणूस भित्रा होता असे कोण म्हणेल? त्याने सही केली तेव्हा तोही वसंतातला होता आणि मागे घेतली तेव्हा एकटा होता. माझ्या शाखेत येऊन हळू आवाजात विचारणारे जामीनदार आणि तो यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. बहुतेक माणसे अशीच असतात. आपणही बहुधा असेच वागू. म्हणून तर वेराचे न वागणे उठून दिसते.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यात तिला प्रागमध्ये प्रशिक्षणाचे थोडे काम करू दिले गेले, तेही गाजावाजा न करता. १९७९ मध्ये ती प्रशिक्षक म्हणून मेक्सिकोला जाऊ शकली. मेक्सिकोने तेलाचा पुरवठा थांबवण्याची भाषा केली, तेव्हा कुठे प्रागच्या सरकारने तिला सोडले असे सांगितले जाते. सहीपुढे न वाकणारे सरकार तेलापुढे वाकले म्हणायचे! पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष समारांच यांनी घातलेल्या लक्षामुळे तिच्यावरची बंधने आणखी सैल झाली. पण या ओढाताणीत घर टिकले नाही. १९८७ मध्ये ती आणि ओडलोझिल विभक्त झाले.

नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रागच्या वेन्सेस्लास चौकात लाखो लोक जमले आणि एकही गोळी न झाडता ती राजवट कोसळली. चौकाकडे तोंड करून असलेल्या सज्जात वाक्लाव हावेल होते, वृद्ध दुब्चेक होते आणि वेराही होती. कालपर्यंत जिचे नाव छापायची बंदी होती, तिला लोकांनी क्षणात ओळखले. हावेल राष्ट्राध्यक्ष झाले, वेरा त्यांची सल्लागार झाली. देशाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद तिच्याकडे आले, पुढे आंतरराष्ट्रीय समितीचे सदस्यत्वही. एखाद्या कादंबरीकाराने इथे 'समाप्त' असे लिहून टाकले असते. सत्याचा विजय, वाचक खूश, प्रकाशकही खूश.

आयुष्याने मात्र आणखी एक प्रकरण लिहिले. ऑगस्ट १९९३ मध्ये एका डिस्कोमध्ये तिचा तरुण मुलगा आणि तिचे माजी पती यांच्यात झटापट झाली. तीत झालेल्या दुखापतीनंतर काही आठवड्यांनी ओडलोझिल मरण पावले. मुलावर खटला चालला, शिक्षा झाली. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी त्याला माफी दिली, त्यावरूनही टीकेचे मोहोळ उठले. एका आईच्या पदरात हे सगळे एकदम पडले. मुलाचा बाप गेलेला, मुलगा तुरुंगाच्या दारात आणि दाराबाहेर कॅमेरे. ज्या बाईला रणगाडे वाकवू शकले नाहीत ती या घावाने खचली. तिला गंभीर नैराश्याने ग्रासले. हळूहळू एकेक पद सुटत गेले आणि कित्येक वर्षे ती लोकांच्या नजरेआड राहिली.

धीराच्या माणसांबद्दल आपल्याकडे एक समजूत असते, की ती आतून पोलादाचीच घडलेली असतात, त्यांना काही टोचत नाही. वेराची ही वर्षे ती समजूत खोडून काढतात. सरकारपुढे ताठ राहण्यासाठी जे लागते ते तिच्याकडे होते. घरातल्या दुःखापुढे ते पुरले नाही आणि पुरायलाच हवे होते असेही नाही. नैराश्य हा आजार आहे. तो राजाला होतो, रंकाला होतो, सात सुवर्णपदके मिळवणारीलाही होतो. आपल्या घरातले, शेजारचे एखादे माणूस असे गप्प झाले, तर 'मन खंबीर कर' एवढे सांगून आपण मोकळे होतो. तेव्हा ही बाई आठवावी. खंबीरपणात तिला कोणी काय शिकवणार होते?

महत्त्वाचे हे, की ती परत आली. चौदा-पंधरा वर्षांच्या अंधारानंतर साठी उलटलेली वेरा पुन्हा लोकांत दिसू लागली, मुलांना भेटू लागली, हसू लागली. २०१२ मध्ये ओल्गा सोमेरोवा या दिग्दर्शिकेने तिच्यावर 'वेरा ६८' नावाचा माहितीपट काढला. नंतर स्वादुपिंडाच्या कर्करोगाने तिला गाठले आणि ३० ऑगस्ट २०१६ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती गेली. आपण इथे दीपाच्या चौथ्या क्रमांकाची हळहळ करत होतो, त्याच महिन्यातली ही गोष्ट.

तिची एकूण ऑलिंपिक पदके अकरा. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने २०२४ मध्ये पॅरिसला तिच्या या आकड्याची बरोबरी केली. पण वैयक्तिक सुवर्णपदके वेराची सात. तेवढी आजवर कोणत्याही जिम्नॅस्टला, पुरुषालाही, मिळालेली नाहीत. सर्वांगीण विजेतेपद आणि महिलांच्या चारही साधनांवरचे सुवर्ण तिच्या नावावर आहे. हा तिचा जमाखर्चाच्या वहीतला जमेचा रकाना. खर्चाच्या रकान्यात काय काय लिहायचे? प्रशिक्षक म्हणून जे दिवस उमेदीचे असतात ती वर्षे गेली. तिच्या हाताखाली तयार होऊ शकल्या असत्या अशा मुलींची एक पिढी गेली. संसार गेला, तो या सहीमुळेच गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण ज्या घरावर वीस वर्षे सरकारची वक्रदृष्टी असते त्या घराच्या भिंतींना ओल येतेच. १९८९ साली तिला मान मिळाला, पद मिळाले, गेलेली वर्षे मिळाली नाहीत. बँकेत थकलेले कर्ज वसूल झाले की आम्ही जामीनदाराला मोकळे केल्याचे पत्र देत असू. त्याने मधल्या काळात घालवलेली झोप परत करण्याची सोय आमच्याकडे नव्हती, कोणाकडेच नसते.

मग हे सारे कशासाठी? तिच्या सहीने रणगाडे थांबले नाहीत. तिने ती मागे घेतली असती तर ते आणखी वाढलेही नसते. व्यवहाराने पाहिले तर तोट्याचाच सौदा. पण त्या वीस वर्षांत प्रागमध्ये दारे लावून बोलणाऱ्या लोकांना एक गोष्ट ठाऊक होती, की आपल्यातल्या एका बाईची सही अजून त्या कागदावर आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात ती सज्जात आली तेव्हा चौकातल्या गर्दीला तिची ओळख करून द्यावी लागली नाही, ती यामुळे.

आता गावोगाव सुट्टीच्या दिवशी जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला मुलींची रांग लागते. आया डबा आणि पाण्याची बाटली घेऊन कट्ट्यावर बसलेल्या असतात. तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल तर तिला वेराची सात सुवर्णपदके जरूर सांगा, बटाट्याची पोती आणि झाडाची फांदीही सांगा, तिला मजा वाटेल. थोडी मोठी झाली की त्या सहीचीही गोष्ट सांगा आणि नंतरच्या अंधाराचीही, काही न वगळता. ती विचारील, "मग शेवटी ती जिंकली की हरली?" उत्तर देण्याची घाई करू नका. हा प्रश्न तिच्याजवळच राहू द्या. कधीतरी तिच्याही पुढ्यात कोणीतरी एक कागद सरकवील, तेव्हा तिला तो उपयोगी पडेल.